गर्दी कोणाच्या दुकानासाठी?

(आपल्या १९९५ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात 'माझे क्षेत्र' या सत्रात केलेले भाषण. पडद्यावर दाखवलेली चित्रे वगळून, किंचित संस्कार करून.)



आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत, शेती करणारे दोघे आहेत आणि व्हिडिओ गेम बनवणारी मी एकटी आहे. त्यामुळे संयोजकांनी 'बोल' म्हणून सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेली काही वर्षे लग्नात, मुंजीत, बारशात तुमच्यापैकी निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "अगं, तुमचा गेम आमच्या चिरंजीवांच्या कन्सोलवर का नाही? जगात एवढा खपतो म्हणतात तो. मग तिथेच आणायचा ना!" कोणाच्या मुलाकडे प्लेस्टेशन आहे, कोणाच्या मुलीकडे एक्सबॉक्स, कोणाच्या अमेरिकेतल्या भाच्याकडे स्विच. यंत्र बदलते, प्रश्न तोच राहतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर पंगतीत बसून देता येत नाही. आज वीस मिनिटे मिळाली आहेत, ती मी त्यासाठीच वापरणार आहे.

आधी एक गोष्ट सगळ्यांना आठवते का बघा. आपण सातवी-आठवीत असताना घरोघरी 'टीव्ही गेम' आला होता. ज्यांच्याकडे नव्हता ते तासाच्या भाड्याने खेळायला जायचे. कॅसेट बसली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण सगळ्यांना येत होते. त्या कॅसेटमधले दोन गेम आपल्या पिढीचे: 'मारिओ' आणि 'काँट्रा'. आता खेळताना आपल्याला कधी वाटले नाही, पण या दोन गेममध्ये एक मोठा फरक आहे. 'मारिओ' निंटेंडोचा, म्हणजे ज्यांनी मूळ यंत्र बनवले त्यांचा स्वतःचा. 'काँट्रा' मात्र कोनामी नावाच्या दुसऱ्या कंपनीचा. एक घरचा, एक बाहेरचा. माझ्या धंद्यातले अर्धे राजकारण या दोन शब्दांत आहे. आणि मी, माझा स्टुडिओ, पुण्यातले बहुतेक सगळे गेम बनवणारे, आम्ही सगळे 'बाहेरचे' आहोत.

(आपल्याकडचे ते यंत्र मूळ निंटेंडोचे नव्हते, त्याची नक्कल होती, हेही आता सांगून टाकते. मूळ जपानी यंत्रात नक्कल रोखणारी कुलपाची चिप नव्हती, त्यामुळे नकला सहज झाल्या. आपण जी शेकडो तास मजा केली, तिचा एक रुपया ना मारिओवाल्यांना मिळाला ना काँट्रावाल्यांना. भारतासाठी कोणी त्या काळी गेम का बनवला नाही, याचे एक उत्तर त्यातच आहे.)

तर हे बाहेरचे आले कुठून? १९७९ साली अमेरिकेत अटारी कंपनीतले चार प्रोग्रामर नोकरी सोडून बाहेर पडले. त्यांचे गेम लाखोंनी खपत होते, पण खोक्यावर त्यांचे नावसुद्धा छापले जात नव्हते. त्यांनी ॲक्टिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी स्वतःचे गेम बनवायला सुरुवात केली, बनवणाऱ्याचे नाव छापून. अटारीने त्यांना कोर्टात खेचले. शेवटी १९८२ मध्ये तडजोड झाली: बनवा, पण आम्हाला रॉयल्टी द्या. आजही आमचा धंदा याच वाक्यावर चालतो.

पण त्यानंतर गंमत अशी झाली की दार सगळ्यांनाच उघडे झाले. कोणीही उठावे आणि कसाही गेम विकावा. दुकाने रद्दी गेमनी भरली, गिऱ्हाईक चिडले आणि १९८३ पासून अमेरिकेतला हा बाजार असा कोसळला की सुमारे ३ अब्ज डॉलरची उलाढाल दोन वर्षांत १० कोटींच्या आसपास आली. म्हणून १९८५ मध्ये निंटेंडो अमेरिकेत उतरली ती दाराला कुलूप लावूनच. यंत्रात चिप बसवली. आमचा परवाना असेल तरच गेम चालेल. वर्षाला पाचच गेम काढायचे. कॅसेट आम्हीच बनवणार, तुम्ही आगाऊ पैसे भरायचे. तोच गेम दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही. आपल्या काँट्रावाल्या कोनामीने तर पाचाची मर्यादा ओलांडायला 'अल्ट्रा गेम्स' या नावाने दुसरी कंपनीच उभी केली. एवढा जाच सोसून लोक तिथे का राहिले? कारण गिऱ्हाईक तिथेच होते, दुसरीकडे जायला जागा नव्हती.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, झाले की मग! जिथे गिऱ्हाईक तिथे धंदा. लोकप्रिय यंत्र असेल तर बाहेरचे येणारच. आणि इथेच मला तुम्हाला थांबवायचे आहे.

२००६ साली निंटेंडोने 'वी' नावाचे यंत्र आणले. हातात रिमोट धरून टेनिस खेळायचे, बोलिंग करायचे. आज्या-आजोबांनीसुद्धा खेळले. १० कोटींहून जास्त यंत्रे खपली. त्याच काळातल्या प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोघांपेक्षाही जास्त. आता तुमच्या न्यायाने सगळ्या मोठ्या बाहेरच्या कंपन्यांनी तिथे धाव घ्यायला हवी होती. प्रत्यक्षात त्या पिढीचे कितीतरी मोठे गेम, उदाहरणार्थ २००८ चा 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४', 'वी'वर कधी आलेच नाहीत. सर्वांत लोकप्रिय यंत्र आणि मोठे बाहेरचे गेम त्याला टाळतात. का?

दिवाळीच्या आधी चितळ्यांच्या दुकानासमोर रांग लागते. त्या रांगेशेजारी कोणी बाकरवडीचेच नवे दुकान टाकले, तर रांगेतली माणसे त्याच्याकडे वळतील का? रांग खरी आहे. पण ती बाकरवडीसाठी नाही, चितळ्यांच्या बाकरवडीसाठी आहे. 'वी' घेणारे कोट्यवधी लोक निंटेंडोचे गेम खेळायला आले होते. बऱ्याच देशांत यंत्राबरोबर 'वी स्पोर्ट्स' फुकट मिळत होता आणि अनेक घरांना तेवढा पुरला. म्हणून आम्ही बाहेरचे लोक 'यंत्रे किती खपली' हा आकडा बघतो, पण त्यावर थांबत नाही. आमचा पहिला हिशोब वेगळा असतो: त्या घरात दुसऱ्या कोणाचे गेम विकत घेतले जातात का?

आपल्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून हिशोब पायरीपायरीने मांडते. एकूण चार आहेत. हा पहिला.

दुसरा हिशोब खर्चाचा. एक गेम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे याला आम्ही 'पोर्ट करणे' म्हणतो. लोकांना वाटते फाइल कॉपी करायची. ते अधिक एखादे नाटक बालगंधर्वमधून काढून गावच्या जत्रेतल्या रंगमंचावर करण्यासारखे आहे. संहिता तीच, पण फिरता रंगमंच नाही, विंगेत जागा नाही, दिवे अर्धे. काही प्रवेश पुन्हा बसवावे लागतात, काही काढावे लागतात. 'वी'ची ताकद प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने फार कमी होती, चित्र जुन्या टीव्हीच्या दर्जाचे होते आणि खेळायची पद्धतच निराळी. म्हणजे तिथे गेम आणायचा तर जवळजवळ नव्याने बनवायचा. उलट प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्यात एकदा बनवलेले बरेचसे दोन्हीकडे चालून जायचे. एका खर्चात दोन बाजार.

पण 'अवघड यंत्र म्हणजे बाहेरचे येत नाहीत' असेही नाही बरं का. प्लेस्टेशन २ प्रोग्राम करायला अवघड म्हणून आमच्यात कुप्रसिद्ध होता. तरी सगळे तिथे गेले, कारण ते यंत्र १५ कोटींहून जास्त खपले आणि ते घेणारे लोक सगळ्यांचे गेम विकत घेत होते. दुसरा हिशोब एकट्याने बघायचा नाही, पहिल्याबरोबर बघायचा.

आणि 'वी'वर टिकून कोण राहिले, हे पुणेकर म्हणून ऐकण्यासारखे आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००९ मध्ये 'जस्ट डान्स' नावाचा गेम फक्त 'वी'साठी काढला. रिमोट हातात धरून गाण्यावर नाचायचे. जे यंत्र इतरांना अडचणीचे वाटले, त्याच्या अडचणीतूनच तो गेम जन्मला. त्या मालिकेचा 'जस्ट डान्स २०२०' हा गेमही 'वी'वर निघाला, म्हणजे यंत्र बाजारात आल्यानंतर १३ वर्षांनी! कारण त्या गेमचे गिऱ्हाईक खरोखर त्या घरांत होते: लहान मुले असलेली, नवे यंत्र न घेणारी कुटुंबे. याच युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि पुढे 'जस्ट डान्स' मालिकेच्या कामात पुण्याच्या मुलामुलींचाही हात लागला. तेव्हा जगात कुठेतरी एखादी आजी नातवंडांबरोबर टीव्हीसमोर नाचत असेल, तर त्यात थोडे पुणे आहे.

तिसरा हिशोब अटींचा. घरमालक कसा आहे? भाडे किती, डिपॉझिट किती, रात्री दहानंतर दार बंद का? १९९६ मध्ये निंटेंडोने 'निंटेंडो ६४' आणला तेव्हा कॅसेटच ठेवली. सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये सीडी होती. मोठ्यात मोठी कॅसेट ६४ एमबीची, एका सीडीत साधारण ६५० एमबी मावत. शिवाय कॅसेट बनवायला महाग आणि वेळ घेणारी. गेम चालला तर पुन्हा कॅसेट येईपर्यंत मागणी थंड, नाही चालला तर गोदामात माल पडून. सीडी स्वस्त आणि हवी तेव्हा लगेच छापता येणारी. जपानची स्क्वेअर ही कंपनी तोपर्यंत निंटेंडोच्या घरातली म्हणावी अशी. तिने आपला 'फायनल फँटसी ७' उचलला आणि १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आणला, तीन सीडींचा. कॅसेटमध्ये तो मावलाच नसता. प्लेस्टेशन १० कोटींच्या पुढे गेले, निंटेंडो ६४ साधारण ३ कोटी ३० लाखांवर थांबले. यंत्र वाईट नव्हते. त्यावरचे निंटेंडोचे घरचे गेम आजही उत्तम मानले जातात. पण पाहुण्यांना बसायला जागा नव्हती.

पाहुणे रुसले तर काय होते याचे टोकाचे उदाहरण सेगाचे. १९९९ मध्ये सेगाचे 'ड्रीमकास्ट' अमेरिकेत आले. यंत्र काळाच्या पुढे होते, इंटरनेटची सोय अंगभूत होती. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे फुटबॉल आणि इतर खेळांचे सर्वांत मोठे गेम काढणारी कंपनी, तिथे आलीच नाही. सेगाचे आधीचे एक यंत्र फार लवकर बंद पडले होते, दुकानदार आणि बाहेरचे दोघेही पोळलेले होते. आणि समोर प्लेस्टेशन २ येऊ घातले होते. २००१ च्या जानेवारीत सेगाने कन्सोल बनवणेच थांबवले आणि स्वतःच 'बाहेरची' होऊन दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी गेम काढू लागली. यातले 'पोळलेले' हे शब्द लक्षात ठेवा. बाहेरचे लोक आकडे विसरतात, पण कोणी मध्येच हात सोडला ते विसरत नाहीत.

चौथा हिशोब दिसण्याचा. पूर्वी गेम दुकानाच्या फळीवर असायचा. आता ऑनलाइन दुकान आहे, फळी अमर्याद आहे आणि म्हणूनच तुमची वस्तू कोणाला दिसत नाही. तुळशीबागेत गाळा मिळाला, पण तो आतल्या बोळात, जिन्याखाली. तिथपर्यंत गिऱ्हाईक कसे येणार? दुकानाचा मालक साधारण ३० टक्के घेतो. त्या बदल्यात तो आम्हाला दर्शनी भागात एक दिवस तरी ठेवणार का, हे छोट्या स्टुडिओच्या दृष्टीने ३० टक्क्यांपेक्षा महत्त्वाचे असते.

आता हे चारही हिशोब एका पुणेरी गोष्टीत बघू. २०१७ मध्ये श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' हा छोटा स्टुडिओ सुरू केला. गेमचे नाव 'राजी'. प्राचीन भारतातली एक मुलगी, हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. चित्रशैलीवर पहाडी लघुचित्रांची छाया. त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढचे काम संस्थापकांनी स्वतःची पदरमोड करून चालू ठेवले. मग परदेशातून अनुदान मिळाले, प्रकाशक मिळाला.

आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी हा गेम बाहेर आला तो कुठे? निंटेंडो स्विचवर. लक्षात घ्या, स्विच हे यंत्र भारतात अधिकृतपणे विक्रीला आलेलेच नव्हते. पुण्यात बनलेला, दुर्गेची गोष्ट सांगणारा गेम, पहिल्यांदा आला तो पुण्याच्या दुकानात रीतसर मिळत नसलेल्या यंत्रावर. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि संगणकावर तो जवळपास दोन महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला आला.

पहिल्यांदा ऐकले की वाटते, हे काय भलतेच! पण आपले चार हिशोब लावून बघा. निंटेंडोने तो गेम आपल्या 'इंडी वर्ल्ड' या छोट्या स्टुडिओंसाठीच्या कार्यक्रमात दाखवला आणि त्याच दिवशी विक्रीला ठेवला. म्हणजे जगभरातले लोक पडद्याकडे बघत असताना गाळा थेट दर्शनी भागात. चौथा हिशोब. स्विच २०१७ मध्ये आले तेव्हापासून त्यावर सगळ्यांच्या ओळखीची, तयार साधने चालत होती. 'राजी' ज्या अनरियल इंजिनवर बनला तेही चालत होते. म्हणजे नवे नाटक नव्याने बसवावे लागले नाही. दुसरा हिशोब. आणि स्विचच्या गिऱ्हाइकाने तोवर दाखवून दिले होते की तो मारिओबरोबरच अनोळखी, छोट्या स्टुडिओंचेही गेम विकत घेतो. पहिला हिशोब. 'वी'च्या वेळी जे बिघडले होते, तेच घराने पुढे दुरुस्त केले होते. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी जगातल्या पाच गेमना नामांकन मिळाले, त्यात 'राजी' होता.

याच पुण्यातल्या 'सुपरगेमिंग'ने मात्र उलटा रस्ता धरला. त्यांचा 'इंडस' हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर आला. कारण त्यांचे गिऱ्हाईक भारतात आहे आणि भारताच्या हातात कन्सोल नाही, फोन आहे. एकाच शहरात दोन स्टुडिओ, दोन उलट निर्णय आणि माझ्या मते दोन्ही बरोबर. दोघांचे गिऱ्हाईक वेगळे.

भारतासाठी कोणी प्रयत्नच केला नाही असेही नाही. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी हैदराबादमध्ये बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात विटीदांडू आणि कबड्डी होती. जगात तोवर प्लेस्टेशन ३ ला तीन वर्षे होत आली होती, पण आपल्याकडे परवडणारे यंत्र जुनेच होते. आणि २०२३ मध्ये सोनीने भारतातल्या छोट्या स्टुडिओंना पैसे आणि मार्गदर्शन देणारा 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' जाहीर केला. त्याआधी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने छोट्या स्टुडिओंना एक्सबॉक्सची दोन विकसन-यंत्रे फुकट द्यायला सुरुवात केली होती. या गोष्टी बातमीत दोन ओळींच्या असतात. पण सात माणसांच्या स्टुडिओसाठी दोन फुकट यंत्रे म्हणजे दोन महिन्यांचा श्वास असतो.

हा श्वास काय असतो ते आमच्या स्टुडिओच्या उदाहरणाने सांगते आणि मग संपवते. आम्ही सात जण आहोत. एका जुन्या वाड्यात घडणारा कोड्यांचा गेम बनवला. संगणकावर तो आणला, आणि हातात पैसे उरले ते एकाच कन्सोलपुरते. कोणता, ते सांगत नाही, करारात तशी अट असते. एक यंत्र दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट खपलेले. सगळ्यांच्या घरचे म्हणत होते, मोठ्यावरच जा. आम्ही फळ्यावर चार रकाने आखले. मोठ्या यंत्रावर कोड्यांचे गेम फार विकले जात नव्हते. तिथे पोर्ट करायला दोन माणसे पाच महिने. छोट्यावर तीन महिने. छोट्याच्या माणसाने आमचा गेम स्वतः शेवटपर्यंत खेळून पाहिला होता आणि विक्रीच्या पहिल्या आठवड्यात दर्शनी जागा देऊ, असे लेखी कळवले होते.

दोन महिन्यांचा हा फरक बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण आमच्याकडे त्या वेळी सात जणांचे चार महिन्यांचे पगार शिल्लक होते. पाच महिने म्हणजे पाचव्या महिन्यात कोणाला तरी 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायचे. त्यात एकीचे नुकतेच लग्न झालेले, एकाचा घराचा हप्ता. आम्ही छोट्या यंत्रावर गेलो. शेवटच्या पंधरवड्यात तपासणीला गेम दोनदा परत आला. खेळताना रिमोटची बॅटरी संपली तर गेम आपोआप थांबला पाहिजे आणि तशी सूचना ठरलेल्या शब्दांतच आली पाहिजे, असे नियम असतात. एक सूचना चुकीच्या शब्दांत होती. बाई, शुद्धलेखनाचे मार्क कापण्याची पद्धत जगात सगळीकडे तीच आहे! गेम वेळेत आला. कोणालाही 'येऊ नकोस' म्हणावे लागले नाही आणि पुढच्या गेमचे काम आता चालू आहे. फार श्रीमंत झालो नाही, पण सातचे सात जण आहोत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. मोठी गर्दी बघून आम्ही जात नाही. त्या गर्दीत आमचे गिऱ्हाईक आहे का, तिथवर पोचेपर्यंत आमचे पैसे टिकतील का, मालकाच्या अटी सोसवतील का आणि आम्ही तिथे दिसू का, हे बघून जातो. चार प्रश्नांची उत्तरे बरी असतील तर लहान यंत्रही पुरते. नसतील तर दहा कोटी यंत्रेही आमच्या कामाची नाहीत.

आता तुमच्यापैकी काहींची मुले म्हणतात, 'मला गेम बनवायचे आहेत.' त्या मुलांना 'आधी इंजिनीअर हो मग बघू' एवढेच सांगू नका. त्यांना विचारा, तुझा गेम कोण खेळणार? कुठल्या यंत्रावर? तिथपर्यंत पोचायला किती महिने लागतील आणि तेवढे दिवस खर्च कोण चालवणार? चारातल्या दोन प्रश्नांची उत्तरे जरी तो देऊ शकला, तरी त्याला पाठिंबा द्या. नाही देऊ शकला तर माझा नंबर द्या. शनिवारी संध्याकाळी आमच्या स्टुडिओत येऊ दे, फळा अजून भिंतीवर आहे.

आणि एक छोटी मागणी. पुण्यात बनलेला एखादा गेम मुलांना विकत घेऊन द्या, आमचाच असे नाही, कोणाचाही. पहिल्या हिशोबात आपल्या देशाचा रकाना अजून फार कोरा आहे. तो कोणा कंपनीच्या घोषणेने भरत नाही. घरोघरी कोणी काय विकत घेतले, यानेच भरतो.

सरांनी घड्याळ दाखवले आहे. शाळेत असतानाही त्यांनी दाखवले की मी लगेच थांबायचे. थांबते.